ऑपरेशननंतरचं मी त्याला सांगितलं नाही

प्रोस्टेटच्या ऑपरेशनच्या दीड महिना आधी मुंबईच्या हॉस्पिटलातल्या एका मुलीने मला एक कागद दिला होता. ती तिथली फिजिओथेरपिस्ट, माझ्या मुलीपेक्षाही लहान असावी. टेबलापलीकडून, जराही न संकोचता ती म्हणाली, "काका, प्रोस्टेटची ग्रंथी काढली की सुरुवातीला लघवी गळणार. जवळजवळ सगळ्यांचीच गळते. कोणाची महिन्या-दोन महिन्यांत थांबते, कोणाला वर्ष लागतं, कोणाची थोडीशी राहते. ते बऱ्याच गोष्टींवर असतं. वय, वजन, साखर, खोकला, आधी त्या जागी काही ऑपरेशन झालंय का, आतली नळी किती लांब आहे, नसा वाचवता येतात का. त्यातल्या बऱ्याचशा आपल्या हातात नाहीत. पण खालचा स्नायू आपल्या हातात आहे. तो आतापासून तयार करायचा."

मग तिने व्यायाम समजावला. चारचौघांत वारा अडवून धरताना जो स्नायू आत ओढला जातो, तोच आवळायचा. दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. पोट आणि मांड्या सैल ठेवायच्या, श्वास रोखायचा नाही. दिवसातून तीन वेळा. "आणि वजन चार-पाच किलो कमी करा," ती म्हणाली. "करून दाखवता का एकदा?"

मी म्हणालो, "कळलं मला."

मला नीट कळलं नव्हतं. पण त्या वयाच्या मुलीसमोर खुर्चीत बसून तसलं काही करायचं, या कल्पनेनेच माझे कान तापले. कागदावर माणसाच्या कमरेखालच्या भागाचं चित्र होतं. मी त्याची घडी घातली आणि फायलीत सगळ्या रिपोर्टांच्या मागे सारली. बायको बाहेर बाकावर बसली होती. तिने विचारलं, "काय सांगितलं?" मी म्हणालो, "काही नाही, चालत जा म्हणाली."

चौसष्ट वर्षांचा होतो मी तेव्हा. नोकरीतून निवृत्त झालो होतो. कोसबाडला शेतीचं शिक्षण देणाऱ्या एका संस्थेत मी एकतीस वर्षं काम केलं. काम म्हणजे डहाणू आणि तलासरीच्या पाड्यापाड्यांवर जाऊन शेतकऱ्यांना सांगत फिरायचं: बियाणं कसं निवडायचं, चिकूची कलमं कशी बांधायची, नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, ओळी किती अंतरावर धरायच्या. लोकांना न पटणारी गोष्टही सोपी करून सांगता येते, असा माझा लौकिक होता. मला स्वतःला कोणी काही सांगायला लागलं, की मात्र मी ते घडी घालून मागे सारायचो.

ऑपरेशन चांगलं झालं. कर्करोग ग्रंथीच्या बाहेर गेला नव्हता, डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे मी नशीबवान होतो. बारा दिवसांनी लघवीची नळी काढायला परत बोलावलं. नर्सने नळी काढली, मी उठून उभा राहिलो, आणि उभा राहता राहताच पायजमा ओला झाला. मी थांबवायचा प्रयत्न केला. थांबवायला काही हातातच नव्हतं. नर्स म्हणाली, "होतं काका, होतं," आणि एक पॅड पुढे केलं. लिफ्टमध्ये पाच-सहा माणसं होती. मी फाईल पोटाखाली धरून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

डहाणूला घरी आल्यावर मग माझा एक वेगळाच दिनक्रम सुरू झाला. सकाळी बरं असायचं. दुपारनंतर स्नायू थकायचा आणि मग खुर्चीतून उठलो तरी गळायचं. शिंक आली, हसू आलं, पाण्याची बादली उचलली, की गळायचं. चहाने जास्त व्हायचं, म्हणून मी लोकांकडे चहा नको म्हणायला लागलो. त्यावर लोक काळजीने विचारायचे, म्हणून मग लोकांकडे जाणंच सोडलं. संध्याकाळी समुद्रावर आमचा निवृत्तांचा एक कंपू फिरायला जायचा. त्यांना मी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. तेव्हापासून रस्त्यात कोणी भेटलं की मला लंगडायचं लक्षात ठेवावं लागायचं.

पॅड आणायला मी उंबरगावला जायचो. डहाणू रोडच्या प्रत्येक मेडिकलवाल्याला मी ओळखतो आणि तेही मला ओळखतात. उंबरगाव गुजरातेत, तिथे मी कोणाचा कोणी नव्हतो. पहिल्यांदा दुकानदाराने विचारलं, "कोना माटे?" कोणासाठी? मी म्हणालो, "बा माटे." माझी आई जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. दुकानदार चांगला माणूस होता. पुढच्या वेळी त्याने बा कशी आहे म्हणून विचारलं, आणि मी बरी आहे म्हणालो.

दोन महिन्यांनी मी फायलीतून तो कागद काढला. दार लावून, भिंतीला टेकून, दहापर्यंत मोजत व्यायाम करायला लागलो. हळूहळू फरक पडत गेला. चार पॅडांची तीन झाली, तिनाची दोन. आधीचा दीड महिना मी वाया घालवला होता, हे मनात यायचं. मी ते कोणाला बोलून दाखवलं नाही.

हे सगळं माझ्यापुरतं राहिलं असतं, तर लिहायचं काही कारण नव्हतं.

वेवजीला माझा एक मित्र आहे. मित्र म्हणजे खरं तर माझ्या कामाच्या पहिल्या वर्षी भेटलेला शेतकरी. मी तेव्हा पोरगेलासा होतो. भाताचं बियाणं पेरायच्या आधी मिठाच्या पाण्यात बुडवा, पोकळ दाणे वर येतील ते काढून टाका, असं पाड्यावर सांगत होतो. माणसं ऐकून घेत होती आणि एकमेकांकडे बघून हसत होती. मीठ घातल्यावर रोप जळेल, असं सगळ्यांचं म्हणणं. हा एकटा उठला, आतून घमेलं घेऊन आला आणि म्हणाला, "दाखव, सर." त्यांच्या बोलीत लहानमोठा सगळ्यांनाच तू म्हणतात, त्यामुळे मी सर होतो आणि तूही होतो. त्या वर्षी त्याचं रोप पाड्यात सगळ्यांत दाट आलं. तेव्हापासून काहीही नवं निघालं, खत असो की औषध, तो आधी मला विचारायचा. माझ्याच वयाचा, काटक, विडीचा शौकीन. पन्नाशीत त्याला साखर निघाली, ती त्याने कधी फार मनावर घेतली नाही. माझ्या ऑपरेशनच्या दोन वर्षं आधी त्याची लघवी अडली होती. तेव्हा त्याची प्रोस्टेट आतून खरवडून वाट मोकळी केली होती.

माझ्या ऑपरेशनला सहा महिने झाले असतील. थंडीचे दिवस होते. सकाळी दहाच्या सुमाराला तो माझ्याकडे आला. हातात नागलीच्या पिठाची पिशवी. ओट्यावर बसला, पिशवी बायकोकडे दिली आणि ती आत गेल्यावर हळूच म्हणाला, "सर, माझंपण तुझ्यासारखंच निघालं."

त्याचे रिपोर्ट त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणले होते. मी चाळले. त्याचाही कर्करोग वेळेत सापडला होता. सीमेपलीकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलं होतं, आणखी पाच आठवड्यांनी. मी म्हणालो, "घाबरू नको. वेळेत कळलंय. मी बघ ना."

"म्हणून तर आलो." त्याने विडी काढली, परत खिशात ठेवली. "एक विचारायचंय. खरं सांग. तिकडे वॉर्डात एक माणूस भेटला. तो बोलतो, ऑपरेशन झाल्यावर मूत थांबत नाय. पोरासारखं होतं. तुला झालं काय असं?"

मी पॅड लावून बसलो होतो. बसल्या जागी ते थोडं ओलंही झालेलं होतं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला, म्हणजे बायको ऐकत होती. मला वाटतं, आवाज थांबला म्हणूनच खरं माझ्या तोंडून निघालं नाही. तिच्याशीही मी याबद्दल कधी नीट बोललो नव्हतो. आणि हा माणूस, ज्याने पाड्यावरच्या सगळ्यांसमोर माझ्यावर विश्वास ठेवला होता, तो माझ्याकडे असा बघत होता, जसा पस्तीस वर्षं बघत आला होता.

"छे," मी म्हणालो. "तसं काही होत नाही. नळी काढली की दोन-चार दिवस थोडं इकडेतिकडे. मग सगळं पहिल्यासारखं."

"खरं ना?"

"मी काय खोटं सांगेन?"

तो मोकळा हसला. बायको चहा घेऊन आली. तो बशीत ओतून दोन बशा प्यायला. मी कपाला हात लावला नाही. जाताना त्याने सांगितलं, की मुलीचं लग्न वैशाखात धरलंय, तोवर मी ठणठणीत होईन, तू वहिनीला घेऊन ये.

तो गेल्यावर बायको दारात उभी राहिली. "खोटं का सांगितलंत त्याला?"

"उगाच घाबरवायचं का? आधीच कॅन्सर ऐकून आलाय."

"तुम्हाला त्या मुलीने व्यायाम सांगितला होता. ते तरी सांगायचं."

मला धक्का बसला. तिला व्यायामाचं माहीत होतं. कपडे वाळत घालणारी तीच, फाईल आवरणारी तीच, तिला काय माहीत नसणार! पण मी चिडलो. मी म्हणालो, "तू यात पडू नकोस." थोड्या वेळाने ती फक्त एवढंच म्हणाली, "उद्या फोन करून सांगा. अजून पाच आठवडे आहेत."

मी फोन केला. दुसऱ्या दिवशी नाही, चार-पाच दिवसांनी. त्याने उचलला आणि लगेच चिकूच्या रोपांबद्दल विचारायला लागला, पानांवर काळे डाग पडताहेत म्हणाला. मी औषध सांगितलं. प्रमाण सांगितलं. मग तो म्हणाला, "आणखी काय, सर?" मी म्हणालो, "काही नाही, तब्येतीला जप." पाच आठवडे गेले. त्याचं ऑपरेशन झालं. फोन केला तेव्हा त्याच्या बायकोने सांगितलं, बरा आहे, झोपलाय.

त्यानंतर त्याचा फोन कमी झाला. मी केला तर तो "हां, हां, बरं आहे" म्हणून ठेवून द्यायचा. मला यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मी वाटू दिलं नाही.

वैशाखात लग्नाचं बोलावणं आलं. डहाणूहून वेवजी काही फार लांब नाही, पण लग्न म्हणजे दिवसभर मांडवात बसणं, माणसांच्या गर्दीत, आणि पॅड बदलायला जागा कुठे? मी तोवर दिवसाला एका पॅडवर आलो होतो, पण बाहेर पडायचं म्हटलं की पहिल्यासारखीच भीती वाटायची. बायको ठेवणीतलं लुगडं नेसून तयार झाली होती. मी आयत्या वेळी म्हणालो, गुडघा फार दुखतोय, तू एकटी जा. ती मग एकटीही गेली नाही. आहेर मी दुसऱ्या कोणाबरोबर पाठवला.

पुढचं मला कळलं ते पावसाळा सरत आल्यावर, तलासरीच्या बाजारात. मी पपईची रोपं बघत होतो. पलीकडे जुन्या कपड्यांच्या ढिगाशी एक बाई सुती धोतरं आणि चादरी वेगळ्या काढत होती. ती त्याची बायको होती. मला बघितलं आणि तिने हातातली धोतरं खाली ठेवली, जणू चोरीच पकडली गेली.

मी विचारलं, "वहिनी, कसा आहे तो? येत नाही हल्ली कुठे."

ती आधी "बरा आहे" म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. गर्दीतून बाजूला येऊन ती बोलायला लागली. "सर, तो घरातून निघत नाय. घरामागे गोठ्याच्या बाजूला खाट टाकलीय, तिथंच असतो. मला जवळ बसू देत नाय, वास येतो बोलतो. मूत थांबतच नाय. दिवसभर गळतं. कपडे धुवून धुवून माझे हात गेले, पण त्याचं मला काय नाय. तो बोलत नाय, सर. शेतावर नाय, लावणीला नाय."

"डॉक्टरकडे नेलं?"

"जात नाय. बोलतो, माझंच बिघडलंय. सरला बघ, सरला काय नाय झालं. माझंच कायतरी वाईट असेल म्हणून मला झालं."

मी हातातलं पपईचं रोप खाली ठेवलं.

आणि मग तिने लग्नाचं सांगितलं. मांडवात बापाने बसायचं, तेव्हा तो बसला नाही. जेमतेम उभा राहिला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मागे निघून गेला. विधी काकाने केले. वरपक्षाची माणसं कुजबुजायला लागली, की बाप दारू प्यायलाय, कोणी म्हणालं बापाला मुलगा पसंत नाही. मुलगी रडतच सासरी गेली. बापाला त्या वेळी धोतर बदलायचं होतं. दुसरं काहीही नव्हतं.

मी घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्कूटरच्या डिकीत पॅडची दोन पाकिटं ठेवली आणि फायलीतला तो कागद काढून माझ्या शर्टाच्या खिशात घातला.

तो घरामागे खाटेवर बसला होता. खाटेच्या दोरीवर रबराचं कापड अंथरलेलं. दाढी वाढलेली. मला बघून त्याने गुडघ्यांवर चादर ओढली आणि म्हणाला, "इकडे कशाला आलास सर? ओट्यावर बस, मी येतो." मला माहीत होतं, तो येणार नव्हता. मी तिथेच शेजारी दगडावर बसलो. काय बोलायचं ते येताना ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना. मी पिशवीतून पाकीट काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

"हे काय?"

"मी वापरतो. लघवी गळते म्हणून."

त्याने पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. "कधीपासून?"

"ऑपरेशन झालं तेव्हापासून. आता खूप कमी झालंय. पण आहे."

"मी तुझ्याकडे आलो होतो. नागली घेऊन."

"तेव्हाही होतं."

गोठ्यातलं वासरू दावं ओढत होतं, तो तिकडे बघत राहिला. मग म्हणाला, "डॉक्टर बोलला होता सगळं. ऑपरेशनच्या आधी. बोलला, तुझं आधी एकदा खरवडलंय, साखर आहे, खोकला आहे, तुला जास्त त्रास होईल. विडी सोड बोलला. एक बाई होती, ती व्यायाम शिकवायला बोलवत होती. मी गेलोच नाय. मी बोललो, मला काय नाय होणार, माझ्या सरने हेच ऑपरेशन केलंय, त्याला मी विचारून आलोय."

मी खिशातला तो कागद काढून खाटेवर ठेवला.

"भाताचं सांगितलंस, खताचं सांगितलंस," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "एक गोष्ट खोटी नाय निघाली. मग हेच का नाय सांगितलंस?"

"लाज वाटली."

"माझी?"

मी म्हणालो, "माझं चुकलं. तुझ्यापेक्षा मला माझी इभ्रत मोठी वाटली." त्याने पाकीट खाटेवर ठेवलं. थोड्या वेळाने विचारलं, "हे लावतात कसं?" मी त्याला दाखवलं. पासष्टीचे दोन म्हातारे गोठ्यामागे तसल्या गोष्टी एकमेकांना दाखवत होतो. त्याची बायको कोपऱ्यावरून डोकावली आणि लगबगीने परत गेली.

पुढच्या आठवड्यात मी त्याला त्याच्या हॉस्पिटलात घेऊन गेलो. वाटेत जीपमध्ये त्याने एकदम विचारलं, "आणखी काय लपवलंयस?" मी आजूबाजूला पाहिलं. पुढे ड्रायव्हर आणि दोन बाया होत्या. मी त्याच्या कानाशी वाकून सांगितलं, की नवराबायकोचंही आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही, आणि त्याबद्दलही मी कोणाशी बोललो नाही, बायकोशीसुद्धा नाही. तो म्हणाला, "मला वाटलं तेपण माझंच." आणि खिडकीबाहेर बघत बसला.

डॉक्टर मध्यम वयाचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी त्याला तपासलं, मग मला आत बोलावलं. मी विचारलं, "याने आधीपासून व्यायाम केला असता, विडी सोडली असती, तर एवढं झालं नसतं का?"

ते म्हणाले, "असं एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. यांचं आधीचं ऑपरेशन झालेलं होतं, त्याने ती जागा कडक होते. साखरेने नसा दुबळ्या होतात. एका बाजूची नस मला वाचवता आली नाही, गाठ तिथेच होती. हे सगळं व्यायामाने पुसलं गेलं नसतं. पण ताकद लवकर आली असती. कमी त्रास झाला असता, एवढं म्हणता येईल." मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "आणि काका, तुम्ही आठ महिने आला नाहीत. ते यायला हवं होतं."

कमी त्रास झाला असता. किती कमी, ते कोणी सांगू शकत नाही. मी पुष्कळदा हिशेब मांडतो. कधी वाटतं, त्याच्या नशिबात होतंच, माझ्या खोटेपणाने फार फरक पडला नसेल. मग आठवतं, की गळती झाली असती तरी ती सगळ्यांना होते, सरलाही होते, हे त्याला माहीत असतं. तो खाट घेऊन गोठ्यामागे गेला नसता. मांडवात पॅड लावून बसला असता आणि मी त्याच्या शेजारी तसाच बसलो असतो. हे डॉक्टरांना विचारायची गरज नव्हती.

तिथल्या बाईंनी त्याला व्यायाम शिकवला. त्याने संकोच न करता, सांगितलं तसं करून दाखवलं. मीही शेजारच्या खुर्चीत बसून केला. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही श्वास रोखताय." मी इतके महिने चुकीचा करत होतो. विडी त्याने त्या दिवसापासून कमी केली, दोन महिन्यांत सोडली. साखरेच्या गोळ्या वेळेवर घ्यायला लागला. खाट घरात आली.

दिवाळीला त्याची मुलगी माहेरी आली. त्याने मला फोन करून सांगितलं, "सर, ती आलीय. लग्नाचं काय झालं ते तिला माझ्याने नाय सांगवत. तू सांग. तुला बोलता येतं."

मी गेलो. मुलगी शिकलेली, तलासरीला कॉलेज केलेली. ओट्यावर तिच्याशेजारी बसून मी सगळं सांगितलं, माझ्यापासून सुरुवात करून. तो आत बसला होता, भिंतीपलीकडे. ती ऐकता ऐकता रडायला लागली. म्हणाली, "काका, मला वाटलं बाबाला मुलगा आवडला नाही. सासू रोज टोमणे मारते, तुझा बाप मांडवातून पळाला म्हणून. मला कोणी एक शब्द सांगितला नाही." मग डोळे पुसून तिने विचारलं, "तुम्ही का आला नाहीत लग्नाला? मी वाट बघत होते."

मी तेही सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "दोघांनीही एकाच कारणासाठी!" आणि उठून आत बापाकडे गेली. आत काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. बराच वेळ थांबलो आणि मग स्कूटर काढून निघालो.

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. मी बहुतेक कोरडा असतो. जोराची शिंक आली तर चार थेंब. त्याला अजून दिवसाला दोन पॅड लागतात, आणखी एक छोटं ऑपरेशन करून बघता येईल असं डॉक्टर म्हणतात. तो नको म्हणतो. शेतावर जातो, बाजारात येतो. लावणीत पूर्वीसारखा दिवसभर वाकत नाही. मुलीच्या सासरी एकदा जाऊन आला, जावयाला त्याने स्वतः सांगितलं म्हणे. सासूचे टोमणे थांबले की नाहीत, मला माहीत नाही. तो मांडव काही परत घालता येणार नाही.

आमचं बोलणं होतं. पण परवा पाड्यावर नवं बियाणं आलं, तेव्हा त्याने मला विचारलं नाही. तालुक्याच्या कृषी कचेरीत जाऊन चौकशी केली, शेजाऱ्याला विचारलं, पाकिटावरचं भावाच्या नातवाकडून वाचून घेतलं. मला कळलं ते नंतर, बोलता बोलता. मी म्हणालो, "मला विचारायचं ना, चांगलं आहे ते बियाणं."

तो म्हणाला, "असेल, सर."